उन्हाळा हलवण्याचे भाडे

वर्षातून विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन विदर्भात भरवायचे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. कोणत्या ऋतूत भरवायचे, ते करारात लिहिलेले नाही. ते पुढाऱ्यांनी पुढे आपापल्या अकलेने ठरवले. विदर्भाच्या प्रश्नांवर एरवी कधी एकमत न होणाऱ्या सगळ्या पक्षांचे या एका मुद्द्यावर आजवर एकमत आहे, की मे महिना नको. त्यांच्या आधीचे इंग्रज याहून सरळ होते. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हे तापली की सरकार फायलींसकट सातपुड्यात, पचमढीला. गरमी हलत नाही ना, मग सरकार हलवा. खर्च रयतेचा.

आम्हा नागपूरकरांना पचमढी परवडत नाही. आम्ही इथेच असतो, आणि खरे सांगायचे तर इथल्या उन्हाचा आम्हाला थोडा अभिमानच आहे. पुण्याचा पाहुणा "आमच्याकडेही यंदा चाळीस झालं हो" म्हणाला की आम्ही काही बोलत नाही, नुसते पन्हे पुढे करतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले, तो आकडा आम्ही पाहुण्याला जाताजाता सांगतो. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मागाहून हवामान खात्याने खुलासा केला, की सेन्सर बिघडला होता. उरलेल्या देशाने सुटकेचा श्वास टाकला. आमच्या पानठेल्यावर मात्र हळहळ झाली. "सेन्सर कायचा बिघडते बाप्पा," एकजण म्हणाला, "खरं बोलला, म्हणून त्याच्या नोकरीवर आली."

अशा गावात घर थंड ठेवणारे यंत्र बंद पडले, की पहिल्या रात्री खर्चाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. खर्च नंतर कळत जातो आणि एका बैठकीत कधीच कळत नाही. आम्ही यंदा घरातला जुना एसी बदलला. मशीनची किंमत दुकानदार सांगतो, फिटिंगची किंमत फिटिंगवाला सांगतो, विजेची महावितरण सांगते. या सगळ्यांखेरीज एक रक्कम उरते, ती कोणत्याच बिलात छापलेली नसते. माझे सगळे म्हणणे त्या रकमेविषयी आहे. पण तिच्यापर्यंत पोचायचे तर बाकीच्या बिलांतून जावे लागते.

एसीच्या आधी आमच्याकडे कूलर होता, आणि तो अजून आहे. होळीची राख थंड झाली की तो जिन्याखालून बाहेर निघतो. मागच्या वर्षीचे गवत तोवर क्षार धरून कडक झालेले असते. ताट्यांतून ओढून काढताना ते बोटांना टोचते. टाकीचा तळ घासायचा, गंजाचे पापुद्रे खरवडायचे, रंगाचा हात मारायचा, पंपाच्या जाळीतला कचरा काडीने काढायचा, वरून पाणी सोडणाऱ्या नळीची बुजलेली भोके खिळ्याने मोकळी करायची. मग नवे गवत, आणि हात सैल असेल त्या वर्षी वाळा. पहिल्यांदा बटण दाबले की ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो आणि आम्ही एकमेकांना सांगतो, "वा, काय गार लागून राहिलं!" पहिल्या पाच मिनिटांत काहीही गार लागत नसते, पण तेवढी श्रद्धा ठेवावी लागते. गवत, पंप, रंग, एखादा कॅपॅसिटर असा सगळा हंगाम हजार-बाराशेत उरकतो.

त्याचे शास्त्रही सरळ आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती पाणी हवेतून काढून घेते. एक लिटर पाणी उडाले की जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून कमी होते. मोठा कूलर मेमधल्या दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज उडवतो. म्हणजे दीड टनाच्या एसीच्या तोडीचे काम तो करतो, आणि वीज घेतो दोन-अडीचशे वॉट. फक्त हवा कोरडी हवी. नागपूरची मेमधली हवा इतकी कोरडी असते, की धुतलेला लेंगा दोरीवर टाकून चिमटा शोधून आणेपर्यंत वाळतो. मुंबईच्या हवेत आधीच इतके पाणी असते, की कूलरचे पाणी तिथे घ्यायला जागा नसते. मुंबईकर कूलरला हसतात ते या कारणाने. त्यांच्या गावी तो नुसता दमट पंखा होतो. आणि मृगाची सर पडून गेली की नागपुरातही तेच होते. बाहेर पस्तीस अंश, आत कूलर चालू, आणि गाद्या, पापड, वर्तमानपत्र, माणसे सगळी सारखीच सादळलेली. त्या दिवसांसाठी, आणि मुलगा-सून पुण्याहून येतात तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी परतीचे तिकीट बघू नये म्हणून, आम्ही मागे एक एसी घेतला होता.

तो यंदा गेला. म्हणजे चालू होता, दिवा लागत होता, पाते खालीवर होत होते, हवाही येत होती. फक्त ती खोलीतलीच हवा होती.

तंत्रज्ञ म्हणून जो पोरगा आला तो पंचविशीचा, पाठीवर सॅक, कमरेला पान्हे. गॅलरीच्या कठड्यावर एक पाय ठेवून त्याने बाहेरच्या युनिटची जाळी काढली. आतल्या पातळ पत्र्यांच्या रांगांवरून त्याने अंगठा फिरवला, तर पत्रा मोडला नाही, त्याची भुकटीच झाली, पांढुरकी, रांगोळीपेक्षा जाड. ती त्याने मला अंगठ्यावर दाखवली. मग साबणाचा फेस करून तो ब्रशने नळीच्या सांध्यावर लावला. फेसात एक फुगा आला, वाढला, फुटला. त्याच जागी दुसरा आला. आम्ही दोघे काही वेळ ते पाहत राहिलो. माझा एसी त्या फुग्यांतून चालला होता.

"काकाजी, गॅस भरून देतो. तीन हजार लागन. पण किती दिवस टिकते, त्याची गॅरंटी माह्याकडं मागू नका."

"आणि कॉइल बदलली तर?"

"नऊ-दहा हजार. पण ह्या मॉडेलची कॉइल आता येतच नाही."

"मग दहा हजार कशाचे सांगितले?"

"तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

गॅसचीही एक कथा निघाली. आमच्या जुन्या मशीनमध्ये आर-२२ होता. वरच्या ओझोनच्या थराला तो बाधतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली जगभर त्याला टप्प्याटप्प्याने निरोप देणे चालू आहे. आपल्याकडे २०२५ उजाडल्यापासून नव्या यंत्रांत तो घालत नाहीत. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता मिळतो. आता बहुतेक घरगुती मशीनमध्ये आर-३२ असतो. तो ओझोनला काही करत नाही, पृथ्वी तापवण्याचे कामही आर-२२ च्या निम्म्याहून कमी करतो. मात्र थोडा ज्वलनशील आहे, म्हणून फिटिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचे. जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरता येत नाही. म्हणजे माझ्या गॅलरीतल्या गळक्या सांध्याचा निकाल मी शाळा-कॉलेजच्या फिया भरत होतो त्या काळात माँट्रियलला लागून गेला होता. मला फक्त कळवायचे राहिले होते.

तेव्हा नवा. सीताबर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. बाहेर त्रेचाळीस, आत वीस. दुकान इतके थंड ठेवण्यामागे धंद्याचे ज्ञान आहे. त्या थंडाव्यात माणसाला किंमत कमी वाटते. बायकोने ते ओळखले आणि पदर डोक्यावरून घेऊन ती भाव करायला बसली.

विक्रेत्याचा पहिला प्रश्न, "सर, टन किती?" खोली दहा बाय बारा, वर गच्ची नाही, पश्चिमेची भिंत तापते, असे सांगितल्यावर तो म्हणाला, दीड टन. हे मोजमाप बर्फाच्या काळातले आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता चोवीस तासांत खोलीतून काढणारे यंत्र एक टनाचे. बर्फाचा हा हिशेब आपल्या देशाला नवा नाही. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तिथल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, 'टस्कनी' नावाच्या जहाजाने कोलकात्याला पाठवला. निघताना १८० टन, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन. उरलेला वाटेत समुद्राला मिळाला आणि तरीही धंद्यात नफा झाला. मग मुंबईतही बर्फघर झाले. हा इतिहास मी विक्रेत्याला सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. माझे झाल्यावर तो बायकोकडे वळून म्हणाला, "मॅडम, थ्री स्टार दाखवू की फाइव्ह?"

तारे हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. मशीनवरच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते, आणि ते वर्षाला १६०० तास वापर धरून. दीड टनाचा पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी त्या हिशेबाने सातशे-आठशे युनिटांच्या घरात, तीन ताऱ्यांचा हजाराच्या आसपास. किमतीत फरक सात-आठ हजारांचा. उन्हाळ्यात वरच्या स्लॅबमध्ये गेलेले युनिट वहन आकार, इंधन आकार धरून दहा रुपयांच्या वरच पडते. म्हणजे वर्षाला दोन-अडीच हजार वाचले, तर तीन-चार उन्हाळ्यांत वरचे पैसे निघाले. मात्र तारेही कायमचे नसतात. नियम कडक केले की आकाशातले तेच राहतात, मशीनवरचे खाली येतात; २०२२ मध्ये पाच ताऱ्यांची यंत्रे एका रात्रीत चार ताऱ्यांची झाली. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता.

"सर, हॉट अँड कोल्ड पण आहे," विक्रेता म्हणाला. "एक व्हॉल्व्ह उलटा फिरला की हीच मशीन हिवाळ्यात गरम हवा देते."

"जानेवारीत आठ दिवस थंडी पडते," बायको म्हणाली. "त्याला गोधडी आहे."

"मॅडम, गोधडीला रिमोट नाही."

"म्हणूनच ती बिघडत नाही."

इथे न्यू जर्सीतल्या भाच्याचा उल्लेख करायला हवा, कारण त्याचे घर याच सुमारास बिघडले. तिकडे खोलीचा एसी अशी सुटी वस्तू नसते. तळघरात गॅसवर चालणारी भट्टी, तिच्या डोक्यावर थंड करणारी कॉइल, दोघांचा पंखा एक, आणि तिथून पत्र्याच्या नळ्या घरभर. एक भाग गेला की तपासायला आलेला माणूस म्हणतो, दुसराही जुनाच आहे, दोन्ही एकदम बदला, मजुरी एकदाच पडेल. शिवाय तिकडेही गॅसचा फेरा आलाच. त्यांचा आर-४१०ए वापरणारी घरगुती यंत्रे बनवणे २०२५ पासून बंद, त्यामुळे जुन्याशी नव्याचे जुळत नाही. भाच्याला तेरा हजार डॉलरांचा आकडा मिळाला.

"रुपयांत सांगू नकोस," मी म्हणालो.

"मामा, मी पण करत नाही रुपयांत," तो म्हणाला. "इथे थंडावा पण विकत आणि ऊब पण विकत. तुमचं एक तरी फुकट आहे."

फोन ठेवल्यावर आमचा आकडा एकदम माणसात आल्यासारखा वाटला. हा अमेरिकेतल्या नातेवाइकांचा एक मोठा उपयोग आहे.

तर आमचा आकडा. दीड टन, पाच तारे, तांब्याची कॉइल: साडेएकेचाळीस हजार. "सर, २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झाला ना, नाहीतर पंचेचाळीस होते," विक्रेत्याने कागदावर गुणाकार करून दाखवला. साडेतीन हजार वाचले, या आनंदात आम्ही स्टॅबिलायझर घेतला, बत्तीसशेचा. मग फिटिंग पंधराशे. बाहेरच्या युनिटचा स्टँड आठशे. जुना उतरवायचे सातशे. भिंतीला नवे भोक पाडायचे सहाशे. जुने भोक होते, पण ते जुन्या मशीनच्या जागी होते. वायर, टेप, पाणी जायची नळी मिळून साडेचारशे. जुन्या मशीनचे चार हजार मिळाले, ते त्यातल्या तांब्याचे. बाकीच्या यंत्राला कुणी काही किंमत लावली नाही. वाढीव वॉरंटीचा कागद विक्रेत्याने दोनदा पुढे केला आणि बायकोने दोनदा मागे सारला. दुकानात मशीनचा जो आकडा पाठ केला होता, त्यात फिटिंग होईपर्यंत सव्वातीन हजारांची भर पडली, तीही जुन्याचे पैसे वजा जाता. वाचलेला जीएसटी कुठे गेला, ते यावरून कळेल.

इथपर्यंतचे सगळे बिलात आहे. आता बिलाबाहेरचे.

एसी थंड हवा तयार करतो, असा आपला सगळ्यांचा समज असतो. तो काहीही तयार करत नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा उभारली, ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा, रंगांचे ठसे एकमेकांवर बसायचे नाहीत. माणसांच्या घामाची चिंता कुणाला नव्हती. सोय कागदाची होती. पण तेव्हापासून आजपर्यंत आतली मूळ युक्ती एकच. गॅस आत येऊन उकळतो, खोलीतली उष्णता घेतो, बाहेर जाऊन दाबाखाली पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता तिथे टाकतो. म्हणजे घर बदलताना सामान हलवायला येतो तसा हा टेम्पो आहे. आपल्या खोलीतला उन्हाळा भरायचा आणि भिंतीपलीकडे नेऊन उतरवायचा. आपण पैसे देतो ते थंडाव्याचे नाहीत, वाहतुकीचे आहेत.

आणि ही वाहतूक तोट्यातली. दीड टनाचे मशीन पूर्ण जोरात असताना खोलीतून पाच-सव्वापाच किलोवॉट उष्णता उचलते. ती उचलायला दीड-एक किलोवॉट वीज लागते. तिचीही शेवटी उष्णताच होते आणि तीही बाहेरच जाते. आत पाच कमी झाले की बाहेर साडेसहा-पावणेसात वाढले. न्यू जर्सीत ऐसपैस अंगण असेल, तर हे साडेसहा एखाद्या झुडपाच्या वाट्याला येत असतील. आमच्या सोसायटीत समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांत अंतर किती, तर ताटभर पोळ्या हातोहात देता येतील इतके. बाहेर म्हणजे कुणाच्या तरी घरात.

आमच्या बाबतीत ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात होते. जुने मशीन दुसऱ्या भिंतीवर होते, त्याचा त्रास कधी कुणाला कळला नाही. नवे जिथे बसले तिथून त्याचा वारा खालच्या छज्ज्यावर आपटून त्यांच्या खिडकीत वळत होता. काकू भांडायला आल्या नाहीत. त्यांनी गच्चीत भेटल्यावर हिला सहज सांगितले, "तुमची मशीन छान आहे हो. आवाज अजिबात नाही. मी पोळ्या लाटत होते, तर मला वाटलं मागे कुणी दुसरी शेगडी पेटवून ठेवली." नागपुरात एवढे सभ्य बोलणे म्हणजे प्रकरण गंभीर असते.

विषय सोसायटीच्या सभेत गेला, कारण एसी घरोघरी झाले आहेत आणि प्रत्येकाच्या खाली कुणाच्या तरी पोळ्या आहेत. सचिवांनी ठराव मांडला, की सगळी बाहेरची युनिटे इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये घ्यावीत. तिकडे कुणाचीच खिडकी नाही, न्हाणीघराच्या झरोक्यांखेरीज. टाळ्या वाजल्या. कुणाच्याही दारात न टाकता सगळ्यांचा उन्हाळा एका सामाईक विहिरीत ओतायचा, यापेक्षा लोकशाही आणखी काय देणार! मी चौकशीसाठी त्याच पोराला फोन लावला. तो हसायला लागला.

"काकाजी, शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी तेच केलं. दुपारी दोनला सगळ्या मशीनी ट्रिप. वर जायला वारा नाही, अन् सगळ्यांची गरम हवा सगळेच वढून राहिले."

हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. पुस्तकात याला पानभर लागेल. बाहेरची हवा जितकी गरम, तितकी तिच्यात आणखी उष्णता सोडायला यंत्राला जास्त झटावे लागते, तितकी वीज जास्त, तितकी पुन्हा उष्णता जास्त. पाच तारे कोंडलेल्या डक्टमध्ये तीनसुद्धा उरत नाहीत. आपण शेजाऱ्याच्या दारात टाकलेला उन्हाळा शेवटी आपल्याच बिलात व्याजासकट येतो, एवढेच त्या पोराला म्हणायचे होते. सभेत मी हे सांगितल्यावर दोन मिनिटे शांतता झाली. मग सचिव म्हणाले, "मग ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब." पुढची सभा दसऱ्यानंतर असते.

कूलरही याला अपवाद आहे, असे मी म्हणणार नाही. तो उन्हाळा शेजाऱ्याकडे पाठवत नाही, हे खरे. पण तो पाणी मागतो. तासाला दहा लिटर, दिवसाला दहा तास, एकेका घरात शंभर लिटर. हे पाणी पेंचच्या धरणातून येते, आणि मेअखेर तिथला साठा किती टक्के उरला ते वर्तमानपत्रात रोज छापून येते. वाळ्याचा सुगंधी वारा घेत आपण तीच बातमी वाचत असतो. फुकट गार कुणालाच होता येत नाही. पचमढीला गेलेल्या साहेबाचा थंडावाही कुणीतरी घाटावरून डोक्यावर वाहून नेलेला होता.

मग आम्ही काय केले, तर हिशेब पुन्हा मांडला. मेमध्ये हवा कोरडी असेपर्यंत दिवसा कूलर, तोही संध्याकाळी टाकी रिकामी झाली की बंद. एसी रात्री, आणि मृगानंतर. सव्वीसवर, सोबत छताचा पंखा. २०२० पासून नवी मशीन चालू केली की स्वतःहून चोविसावर येतात. त्यावर आणखी दोन अंश आमच्याकडून सरकारला भेट. आणि बाहेरचे युनिट काकूंच्या खिडकीवरून काढून थेट गच्चीवर नेले. मशीनसोबत तांब्याची नळी तीन मीटरच मिळते. वरची सहा मीटर लागली, मीटरला नऊशे रुपये. शिवाय नळी लांबली की थंडावा थोडा कमी होतो आणि गॅस थोडा वाढवावा लागतो. तो धरून, पोराची मजुरी धरून सात हजारांच्या जवळ गेले. पोराने घासाघीस केली नाही. बायकोने केली, पण या खेपेस तिच्या आवाजात जोर नव्हता.

रात्री ती खर्चाची वही घेऊन बसली. मशीन, स्टँड, वायर सगळे 'घरदुरुस्ती'खाली गेले. सात हजारांपाशी पेन थांबले.

"हे कशाखाली लिहू? दुरुस्ती तर नाही ही. मशीन आधीही चालतच होती."

"शेजार म्हणून लिही," मी म्हणालो.

तिने तसा नवा रकाना आखला. सबंध खरेदीत तेवढी एकच रक्कम अशी होती, की जिच्यातून आमच्या खोलीला काही मिळाले नाही. थंडावा अर्धा अंश कमीच झाला असेल. तरी मला वाटते की मशीनची खरी किंमत तिच्याशिवाय पुरी होत नाही. टेम्पोचे भाडे द्यायचे आणि सामान दुसऱ्याच्या ओसरीवर उतरवायचे, याला काही घर बदलणे म्हणत नाहीत. सामान नीट जागी लावेपर्यंतचा खर्च आपलाच.

गच्चीवर आता आमचा उन्हाळा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रात्रभर ओतला जातो. तिथे त्याचे कुणाला काही नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. मी मनातल्या मनात खिसा चाचपला.

"भाऊजी, दुपारी मशीन किती वाजता लावता तुम्ही?"

"का हो? वारा येतो का तुमच्याकडे?"

"नाही, येऊ द्या ना! पुदिना सावलीत वाळवायचा असतो, उन्हात काळा पडतो. काल रात्री टाकीमागे तुमच्या मशीनसमोर सूप ठेवलं, तर दोन तासांत कडकडीत झाला. उद्या कढीपत्ता आहे. बारा वाजता लावाल का?"

आम्ही दुपारी एसी लावायचा नाही, असे ठरवले होते. बायकोला विचारले. ती म्हणाली, "लावू या अर्धा तास. शेजारच्या रकान्यात लिहिते."